नफ्याची मुदत

एखाद्या ग्रंथाचे पहिले वाचन आणि त्याचे पुनर्वाचन यांत पुष्कळ अंतर असते. पहिल्या वेळी पुढे काय घडणार या उत्सुकतेने पाने उलटली जातात. पुनर्वाचनात शेवट ठाऊक असतो, म्हणून लक्ष वाटेवर राहते. व्यापारातही हाच अनुभव येतो. सौदा ठरत असताना सगळे लक्ष भावाकडे असते; वर्षअखेरीस तोच सौदा वहीत वाचला म्हणजे त्यातील खरा लाभ आणि खरी खोट नजरेस येते.

इंग्रजी साहित्यात ‘स्पेस ऑपेरा’ नावाचा एक कादंबरीप्रकार आहे. अंतराळयाने, आकाशगंगेएवढी साम्राज्ये आणि ग्रहाग्रहांतील वैरे हा त्याचा संसार. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी डॉ. जयंत नारळीकरांसारख्या लेखकांनी लावली. परंतु अंतराळातील साम्राज्यांच्या या महाकथा बहुधा तरुणपणी वाचायच्या आणि पुढे विसरायच्या असेच मानले जाते. आयझॅक असिमॉव्ह यांची १९५१ साली ग्रंथरूपाने आलेली ‘फाउंडेशन’ ही कादंबरी या समजुतीला अपवाद ठरते. तिची पाच प्रकरणे आहेत आणि त्यांपैकी शेवटच्या दोहोंची शीर्षके ‘व्यापारी’ व ‘वणिकराज’ अशा अर्थाची आहेत. तरुण वाचक ही दोन प्रकरणे यानांच्या आणि युक्त्यांच्या ओढीने वाचतो. ज्याने आयुष्यभर देणे-घेणे केले आहे, उधारी वसूल केली आहे आणि पेढी पुढच्या पिढीच्या हाती सोपवली आहे किंवा सोपवायची आहे, त्याला तीच प्रकरणे निराळे काही सांगतात.

लेखकाचे घर कसे होते हे प्रथम पाहणे उपयोगी ठरेल. असिमॉव्ह यांचा जन्म १९२० साली रशियातील पेत्रोविची या खेड्यात झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आले. पुढे वडिलांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-चॉकलेट, वर्तमानपत्रे आणि मासिके विकणारे लहानसे दुकान घेतले. दुकान पहाटे उघडे आणि मध्यरात्र उलटल्यावर बंद होई. घरातील सर्वांनाच तेथे राबावे लागे. दुकानातील स्वस्त मासिके मुलाने वाचू नयेत असा वडिलांचा दंडक होता. एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द दिसल्यावर मात्र परवानगी मिळाली. वाचलेले मासिक पुन्हा मांडणीवर विक्रीस जायचे असल्यामुळे ते चुरगळू नये याची काळजी मुलाला घ्यावी लागे. अंतराळातल्या व्यापाऱ्यांच्या कथा लिहिणारा माणूस असा गल्ल्यामागे वाढला होता.

१ ऑगस्ट १९४१ रोजी एकवीस वर्षांचे असिमॉव्ह संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला भुयारी रेल्वेने निघाले असताना त्यांना या कथेची कल्पना सुचली. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनचा इतिहास त्यांनी वाचलेला होता. तोच ऱ्हास आकाशगंगेच्या पटावर मांडायचा असे ठरले. १९४२ पासून कथा मासिकात येऊ लागल्या. त्यांतील चार कथा आणि ग्रंथासाठी नव्याने लिहिलेले पहिले प्रकरण मिळून हे पुस्तक झाले. पाया सर्वांत शेवटी घातला गेला, हे पुनर्वाचन करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पहिल्या प्रकरणात हारी सेल्डन हा वृद्ध गणिती भेटतो. बारा हजार वर्षे टिकलेले साम्राज्य काही शतकांत कोसळणार, हे त्याने गणिताने ताडले आहे. त्यानंतर तीस हजार वर्षांचे अंधारयुग यायचे आहे. पतन टाळणे शक्य नाही. अंधाराचा काळ मात्र एक हजार वर्षांवर आणता येईल असा त्याचा दावा आहे. त्याच्या शास्त्राचे नाव मनोइतिहास. एका माणसाचे भवितव्य त्याला सांगता येत नाही, अब्जावधींच्या समुदायाचे सांगता येते. विम्याचा व्यवसाय जाणणाऱ्याला यात नवल वाटू नये. कोणता विमेदार केव्हा जाईल हे विमा कंपनीला कधीच कळत नाही. लाखांमागे किती जातील हे तिला ठाऊक असते आणि त्यावरच हप्ता ठरतो. सेल्डनने हा हिशेब साम्राज्याला लावला. राजधानी ट्रँटॉरचे वर्णनही व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्यासारखे आहे. चार हजार कोटींहून अधिक वस्ती, सगळा ग्रह धातूने मढवलेला आणि रोजचे अन्न दुसऱ्या ग्रहांवरून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून. ज्या पेढीचे सगळे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येते तिची प्रकृती ट्रँटॉरसारखी असते. बाहेरून तिच्यासारखी श्रीमंती दुसरी दिसत नाही.

सेल्डनवर राजद्रोहाचा खटला चालतो आणि अखेर सुमारे एक लाख माणसांसह त्याच्या संस्थेची रवानगी आकाशगंगेच्या टोकावरील टर्मिनस या ओसाड ग्रहावर होते. सर्व ज्ञानाचा विश्वकोश तयार करणे हे तिचे जाहीर काम. ही हद्दपारी सेल्डनला हवीच होती, हे प्रकरणाच्या शेवटी उघड होते.

दुसरे प्रकरण पन्नास वर्षांनंतरचे. विश्वकोशाचे विद्वान विश्वस्त आपल्या कामात गढलेले आहेत. टर्मिनसवर धातू जवळजवळ नाहीतच. शेजारी अ‍ॅनाक्रिऑनचे बलाढ्य राज्य जमीन आणि खंडणी मागत आहे. साम्राज्याच्या दरबारातून एक बडा अमीर येतो आणि पाच दिवस गोड बोलून निघून जातो. नगराध्यक्ष साल्व्हॉर हार्डिन त्याच्या सर्व भाषणाचे तर्कशास्त्राने पृथक्करण करून घेतो. विसंगत आणि निरर्थक विधाने वजा करीत गेल्यावर हाती शून्य उरते. पाच दिवसांत त्या गृहस्थाने कोणतेही आश्वासन दिलेले नसते. ज्यांनी कर्जमंजुरीसाठी मोठ्या कार्यालयांत खेपा घातल्या असतील, किंवा थकलेल्या उधारीसाठी एखाद्या गोडबोल्या गिऱ्हाइकाकडे चहा घेतला असेल, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

याच प्रकरणाच्या शेवटी सेल्डनची ध्वनिचित्रित प्रतिमा तळघरातील कक्षात प्रकट होते आणि विश्वकोश हे केवळ निमित्त होते असे शांतपणे सांगते. ज्या कामासाठी विद्वानांच्या दोन पिढ्या खपल्या ते काम मुळात योजनेचा भागच नव्हते. पहिल्या वाचनात ही कलाटणी वाचकाला सुखावते. दुसऱ्या वाचनात नजर त्या वृद्ध विश्वस्तांकडे वळते. त्यांची निष्ठा खोटी नव्हती, हिशेबही चोख होते. फक्त ज्या मालाची मागणी उरली नव्हती तो ते भक्तिभावाने तयार करीत होते.

तिसऱ्या प्रकरणापर्यंत आणखी तीस वर्षे गेली आहेत. हार्डिनने अ‍ॅनाक्रिऑनला एका साध्या विचाराने मागे हटवले. टर्मिनसची अणुविद्या एकट्या अ‍ॅनाक्रिऑनच्या हाती पडली तर उरलेल्या तिघांचे काय होईल, एवढेच त्याने इतर तीन शेजारी राज्यांच्या कानी घातले. त्यानंतर अणुविद्या चारही राज्यांना मिळाली, पण एका नव्या धर्माच्या वेष्टनात. टर्मिनसवर शिकलेले पुजारी वीजघरे चालवतात. यंत्र का चालते हे त्यांना ठाऊक नसते, विधी मात्र पाठ असतो. अ‍ॅनाक्रिऑनचा कारभारी वीनिस आक्रमण करतो तेव्हा त्याच्याच लढाऊ जहाजावरचा पुजारी जहाजाला शाप देतो, आणि सारी यंत्रे थंड पडतात. या प्रकरणात हार्डिन एक बोधकथा सांगतो. लांडग्याच्या भयाने घोड्याने माणसाचे साहाय्य घेतले, लगाम-खोगीर चढवू दिले. लांडगा मारला गेल्यावर घोड्याने मुक्तता मागितली आणि माणसाने टाच मारली. मासिकात ही कथा ‘लगाम आणि खोगीर’ अशाच अर्थाच्या शीर्षकाने छापली होती. साहाय्य देणाऱ्याच्या हाती लगाम जातो, हे सूत्र पुढील दोन्ही व्यापारी प्रकरणांना लागू पडते.

चौथे प्रकरण सर्वांत छोटे आहे. अ‍ॅस्कोन या ग्रहावर पूर्वजांच्या श्रद्धेपोटी अणुयंत्रांना संपूर्ण बंदी आहे. फाउंडेशनचा एक हस्तक तेथे पकडला गेला असून त्याला देहदंड व्हायचा आहे. लिमार पोनियेट्स नावाचा फिरता व्यापारी त्याच्या सुटकेसाठी जातो. लोखंडाचे सोने करणारे एक कामचलाऊ यंत्र त्याने जुळवलेले असते. त्यातून निघालेले सोने देऊन कैदी सुटतो. मग फर्ल नावाच्या महत्त्वाकांक्षी सरदाराला तो ते यंत्रच विकतो. निषिद्ध यंत्र वापरताना फर्लचे चित्रण गुपचूप झालेले असते. ते दाखवून पोनियेट्स आपला बंदी असलेला सगळा माल त्याच्या गळ्यात मारतो आणि मोबदल्यात त्याच्या खाणींतील धातूने जहाज भरून घेतो.

तरुण वाचक येथे टाळी देतो. वही लिहिणारा मात्र दोन्ही बाजू मांडतो. जमेच्या बाजूला एका माणसाचा जीव, भरलेले जहाज आणि बंद बाजारपेठेला पडलेली पहिली फट. नावे बाजूला काय? एका खरेदीदाराने भयापोटी केलेली खरेदी. सोबत्याने नैतिकतेचा प्रश्न काढल्यावर पोनियेट्स हार्डिनच्या एका सुभाषितामागे आश्रय घेतो. सुभाषित चटकदार आहे, पण फर्लचा प्रश्न त्याने सुटत नाही. सौद्याची एक जुनी कसोटी व्यापारी घराण्यांत सांगितली जाते: तेच गिऱ्हाईक पुन्हा आपण होऊन पायरी चढेल काय? फर्ल चढणार नाही. संधी मिळताच तो सूड घेईल. पोनियेट्सचा नफा खरा आहे, पण तो एकाच फेरीचा आहे आणि त्यात पेढीची पत खर्ची पडली आहे. मासिकात हे प्रकरण ऑक्टोबर १९४४ मध्ये, म्हणजे पाचव्यानंतर दोन महिन्यांनी आले होते. ग्रंथात ते आधी ठेवल्यामुळे दोन व्यापाऱ्यांची तुलना आपोआप वाचकासमोर येते.

पाचव्या प्रकरणाचा नायक होबर मॅलो हा टर्मिनसचा मूळ रहिवासी नाही. स्मिर्नो या परक्या मुलखातून आलेला तो स्वकष्टाचा व्यापारी आहे. कोरेल प्रजासत्ताकाच्या हद्दीत फाउंडेशनची तीन व्यापारी जहाजे नाहीशी झाली आहेत आणि शोधासाठी त्याला पाठवले जाते. कोरेलमध्ये त्याचे जहाज उतरलेले असताना एक धर्मोपदेशक संतप्त जमावापासून जीव वाचवण्यासाठी जहाजात शिरतो. उपदेशकांना त्या मुलखात कायद्याने बंदी आहे. साऱ्या खलाशांचा विरोध पत्करून मॅलो त्याला जमावाच्या स्वाधीन करतो. पुढे टर्मिनसवर याच कृत्याबद्दल त्याच्यावर खटला होतो, तेव्हा तो उपदेशक कोरेलच्या गुप्त पोलिसांतला बनावट माणूस होता हे मॅलो पुराव्याने सिद्ध करतो.

कोरेलचा शासक कॉमडॉर याच्याशी मॅलो जो सौदा करतो तो पोनियेट्सच्या सौद्याहून वेगळ्या जातीचा आहे. धर्म विकायला आलो नाही, फक्त माल विकायला आलो आहे, हे तो आरंभीच स्पष्ट करतो. राणीसाठी तेजाने झळाळणारे अलंकार, घरांसाठी न बोथटणाऱ्या सुऱ्या आणि कपडे धुण्याची यंत्रे, कारखान्यांसाठी अवजारे असा त्याचा माल आहे. कॉमडॉरला नफ्यात वाटा मिळतो, गृहिणींचे श्रम वाचतात, कारखानदारांचे उत्पादन वाढते. कोणावर बळजबरी नाही. गिऱ्हाईक आनंदाने पुन्हा येते. सौदा चालू असताना मॅलोची नजर मात्र रक्षकांच्या हातांतील शस्त्रांवर आहे. त्यांवर जुन्या साम्राज्याचे चिन्ह कोरलेले आहे. साम्राज्य अजून जिवंत असून कोरेलला शस्त्रे पुरवीत आहे, हे त्याला उमगते.

खात्री करण्यासाठी तो साम्राज्याच्या सिवेन्ना प्रांतात जातो. तेथील भव्य वीजघराच्या तंत्रज्ञाला स्वसंरक्षणाचे एक चिमुकले यंत्र लाच म्हणून देऊन तो आत प्रवेश मिळवतो. यंत्रे अजस्र आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आपोआप चालत आली आहेत. एखादा महत्त्वाचा भाग निकामी झाला तर काय कराल, या प्रश्नावर तंत्रज्ञ संतापतो. त्याच्या मते यंत्रे बिघडणे शक्यच नाही. दुरुस्ती कोणालाच येत नाही. साम्राज्याकडे धातू, माणसे, ऊर्जा सगळे मुबलक होते, म्हणून त्याने सर्व काही अवाढव्य बांधले. टर्मिनसकडे काहीच नव्हते, म्हणून त्याला तीच शक्ती मुठीत मावेल अशी घडवावी लागली. व्यापारी घरांत हे प्रकरण तरुणांकडून मुद्दाम वाचून घेण्यासारखे आहे. ज्या पेढीत कोणता माल कोठून येतो, कोणाची उधारी किती आणि करभरणा कसा होतो हे केवळ एका जुन्या मुनिमाला ठाऊक असते आणि मालकाच्या मुलाला फक्त गादीवर बसण्याचा विधी ठाऊक असतो, ती पेढी म्हणजे छोटे सिवेन्नाच होय.

पुढे मॅलो नगराध्यक्ष होतो आणि साम्राज्याच्या शस्त्रांवर विसंबून कोरेल युद्ध पुकारते. लोकांना वाटते, आता मॅलो आरमार पाठवील. तो काहीही पाठवत नाही. व्यापार तेवढा थांबवतो. कोरेलमधील घरोघरची यंत्रे एकामागून एक बंद पडू लागतात. सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्ती करणारा कोणी नाही. सुरी चालेनाशी होते, चूल थंडावते, कारखान्यांचे नफे आटतात. शत्रूचे गोळे अंगावर पडत असतील तर प्रजा शासकामागे एकवटते. घरातली यंत्रे रोज एकेक करून बंद पडण्यात कसलाही पराक्रम नसतो, म्हणून तिचा राग आपल्याच शासकाकडे वळतो, असा मॅलोचा हिशेब आहे. तीन वर्षांनी कोरेल बिनशर्त शरण येते. ही कथा मासिकात छापली गेली ऑगस्ट १९४४ मध्ये. तेव्हा दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि लेखक फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत रसायनतज्ज्ञ म्हणून काम करीत होता. त्या दिवसांत त्याने असे युद्ध कल्पिले, की जे मालाच्या आवक-जावकीवर जिंकले गेले.

येथवर सर्व काही व्यापाऱ्यांच्या अभिमानाला पोषक आहे. पुनर्वाचन त्या अभिमानाला दोन ठिकाणी टोचते.

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. मॅलोचे गिऱ्हाईक पुन्हा आपण होऊन पायरी चढते, म्हणजे जुन्या कसोटीला तो उतरतो. पण त्याने यंत्र विकले आणि ते दुरुस्त करण्याचे ज्ञान स्वतःकडे ठेवले. गृहिणीने सुरी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक अदृश्य लगामही तिच्या घरात आला, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आजच्या व्यवहारातही असे लगाम कमी नाहीत. हिशेबाची संगणकप्रणाली एकदा घेतली म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी तिच्यात अडकतात आणि ती बदलणे जिवावर येते. यंत्र स्वस्त मिळते, त्याचा सुटा भाग एकाच कंपनीकडे आणि तिच्याच भावाने मिळतो. ज्याला जाण्याची वाट मोकळी असूनही जो जात नाही, ते गिऱ्हाईक विश्वासाने बांधलेले असते. ज्याला जाताच येत नाही, ते सोयीने बांधलेले असते. ताळेबंदात दोघांकडून आलेली रक्कम एकाच रकान्यात दिसते आणि फरक कळतो तो पहिला पर्याय बाजारात आल्याच्या दिवशी. जुनी कसोटी म्हणूनच थोडी वाढवावी लागते: गिऱ्हाईक पुन्हा येते काय, एवढे पुरत नाही, त्याला न येणेही शक्य होते काय, हेही विचारावे लागते.

याच ठिकाणी ग्रंथातील एक उणीव डोळ्यांत भरते. कोरेलचे युद्ध स्वयंपाकघरांत जिंकले गेले, पण त्या स्वयंपाकघरांतील एकही गृहिणी ग्रंथात बोलत नाही. संपूर्ण पहिल्या भागात स्त्रिया दिसतात त्या कॉमडॉरची तिखट जिभेची पत्नी आणि अलंकार कसे दिसतात हे दाखवण्यासाठी उभी केलेली एक दासी, एवढ्याच. ज्या घरांत दुकानाच्या कित्येक निर्णयांना आतून सल्ला मिळतो, तेथील वाचकांना ही अनुपस्थिती विशेष जाणवेल. मालिकेच्या दुसऱ्या भागात बायटा ही स्त्री येते आणि मोठमोठ्या सेनापतींना जे जमले नाही ते तिच्या सावध निरीक्षणाने साधते. लेखकाने जणू ही थकबाकी पुढच्या खात्यात थोडीफार फेडली आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर असून तो पुढच्या पिढीचा आहे. पाचव्या प्रकरणाच्या अखेरीस मॅलोचा प्रतिस्पर्धी सट धर्माच्या जुन्या सत्तेचा आग्रह धरतो. मॅलोचे उत्तर असे, की धर्माचे साधन हार्डिनच्या काळात उपयोगी पडले, आता तेच व्यापाराच्या आड येते. त्याची मुदत संपली. आणि पुढे तो मोकळेपणी मान्य करतो, की पैशाच्या सत्तेचीही मुदत एक दिवस संपेल. त्यावेळचे प्रश्न त्यावेळच्या वारसांनी सोडवावेत, आपण आपल्या वाट्याचा सोडवला.

पाचही प्रकरणे या एका विचाराने ओवलेली आहेत. विश्वकोशाने संस्था उभी केली आणि तिचेच विश्वस्त हार्डिनच्या वाटेत आडवे आले. हार्डिनच्या धर्माने राज्य राखले आणि मॅलोच्या वाटेत तोच धर्म आडवा आला. आज ज्या साधनाने भरभराट झाली, ते साधन म्हातारे होते, पण त्याला कोणी निवृत्त करीत नाही, कारण घरातील प्रत्येकाचा मान त्याच्याशी जोडलेला असतो. मुदतठेवीच्या पावतीवर परिपक्वतेची तारीख छापलेली असते. व्यवसायाच्या पद्धतीवर ती छापलेली नसते, म्हणून मुदत उलटून गेल्यावरही माणसे व्याजाची वाट पाहत राहतात. आडतीने, उधारीच्या विश्वासाने, एका गावाच्या ओळखीने किंवा एका कंपनीच्या वितरणाने वर आलेली किती घराणी या ओळींत स्वतःला पाहू शकतील!

मॅलोचे उत्तर ऐकायला धीराचे वाटते. परंतु ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ हा १९५२ सालचा पुढील भाग हाती घेतला म्हणजे त्या उत्तराची किंमत कळते. व्यापाऱ्यांनी मिळवलेली सत्ता पुढे वंशपरंपरेची झाली आहे. नगराध्यक्षपद इंडबर नावाच्या घराण्यात गेले असून तिसरा इंडबर गादीवर आहे. आजोबांनी सत्ता बळकावली, वडिलांना ती जन्माने मिळाली आणि नातवाकडे टापटीप, कागदपत्रांची शिस्त आणि शिष्टाचार याखेरीज काही उरलेले नाही. बाहेर स्वतंत्र व्यापारी असंतुष्ट आहेत. याच भागाच्या पूर्वार्धात लॅथन डेव्हर्स हा व्यापारी फाउंडेशनच्या रक्षणासाठी जीव धोक्यात घालतो. उत्तरार्धात वाचकाला ओझरते कळते, की तोच डेव्हर्स पुढे फाउंडेशनच्या गुलामांच्या खाणीत मेला. पहिल्या वाचनात हे वाक्य निसटून जाण्याइतके लहान आहे. मॅलो ज्यांच्यावर भार टाकून निश्चिंत झाला, त्या वारसांनी मॅलोसारख्याच माणसांना खाणीत घातले होते.

मग वडील पिढीने काय द्यावे? ग्रंथात याचा एक नमुना आहे, आणि तो सेल्डनच्या कक्षात सापडतो. सेल्डनच्या प्रतिमा ठरावीक संकटांच्या वेळी प्रकट होतात, पण काय करावे हे त्या कधीच सांगत नाहीत. बोलतात ते घडलेल्याची कारणे उलगडण्यापुरते. विश्वकोशाच्या भ्रमाबद्दलही त्याने सत्य सांगितले, विश्वस्त दुखावतील याची पर्वा न करता. आज्ञा दिल्या असत्या तर वारस आज्ञाधारक झाले असते आणि पहिल्याच अनपेक्षित प्रसंगी कोलमडले असते. ज्या वडिलांनी मुलाला केवळ पद्धत दिली, त्यांनी एक साधन दिले आणि त्याची मुदतही नकळत दिली. ही पद्धत कोणत्या अडचणीतून निघाली, त्यावेळी हाती काय नव्हते, कोणता सौदा मनाला लागला, कोणते गिऱ्हाईक का तुटले, हे ज्यांनी सांगितले, त्यांनी मुलाला पद्धत मोडण्याचाही अधिकार दिला. टर्मिनसने मुठीएवढी यंत्रे बनवली ती अभावातून. तो अभाव पुढच्या पिढीला देता येत नाही आणि देऊही नये, पण त्याची हकीकत देता येते.

हा ग्रंथ प्रथमच वाचणाऱ्याने पाचही प्रकरणे क्रमाने वाचावीत. ज्याने तो पूर्वी वाचला आहे त्याने या खेपेस चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पाचवे सावकाश वाचावे आणि मग दुसऱ्या भागातील तिसऱ्या इंडबरच्या कचेरीपर्यंत जावे. शक्य असल्यास वाचन घरातील तरुणांसह व्हावे आणि पोनियेट्सचा सौदा आपल्या वहीत कोणत्या बाजूला लिहाल, हे त्यांना विचारावे. तरुणांचे उत्तर वडिलांहून वेगळे आले, तर ते घाईने खोडून काढू नये. त्यामागचे कारण मात्र नीट विचारून घ्यावे.